पायाजवळचा पत्रा

कांतीलाल शेठांनी मोटार घेतली तेव्हा संस्थानच्या गाड्या सोडल्या तर जव्हारात दुसरी मोटार नव्हती, आणि हे शेठांना दिवसातून चार वेळा कुणाला तरी सांगावंसं वाटे. सागवानाचा त्यांचा व्यापार होता. लाकूड घेताना ते बुंध्यावर टिचक्या मारून, कान लावून आतली पोकळी शोधत. मोटार घेताना मात्र त्यांनी नुसते डोळे वापरले. मुंबईच्या कुणा साहेबाने पाच पावसाळे दामटलेली ती गाडी. चालायची बिचारी इमानाने, पण चालायला लागली की तिचा पत्रान् पत्रा बोलायला लागायचा. दारं वेगळं बोलत, मडगार्ड वेगळं, पायाखालच्या फळ्यांची तर आपसात भांडणंच चालत.

ती चालवायचा गोवर्धन. हा जव्हारचाच. ऐन पंचविशीत मुंबईला गेला, गोदीत दहा वर्षं बॉयलरच्या पोटात बसून हातोडा मारला, तिथेच एका मिस्त्रीच्या हाताखाली मोटार शिकला आणि शेठांनी गाडी घेतल्यावर परत आला. त्याच्या लेखी त्या दहा वर्षांचं सोनं झालं होतं. मोटारीच्या चाकामागे बसला की तो जरा ताठ बसे, आणि रस्त्यावर ओळखीचं कोणी दिसलं तर आणखी ताठ.

आवाजाचं त्याला काही वाटत नसे. वाटलं ते शेठाणीबाईंना.

प्रेमलाबाईंना अर्धशिशीचा त्रास होता. एकदाच त्या मोटारीतून त्र्यंबकला देवाला गेल्या आणि आल्यावर दोन दिवस कपाळाला सुंठ लावून अंधाऱ्या खोलीत पडून राहिल्या. तेव्हापासून त्यांनी त्या गाडीचं नाव टाकलं होतं. पण आता नाशिकला दिलेली त्यांची लेक पहिलटकरीण होती, वैशाखात दिवस भरत होते, आणि तिसऱ्या महिन्यापासून ती एकच निरोप पाठवत होती, की आईने यावं. बैलगाडीने जायचं तर तीन दिवस, तेही उन्हाचे.

शेठांनी गोवर्धनला बोलावलं. "हे बघ भाई, महिनाभर आहे. गाडी गप्प कर. बाई बसल्या तर ठीक, नाही बसल्या तर मी ही नाशिकच्या गिऱ्हाइकाला देऊन टाकतो. मला गाडी घरच्यांसाठी पाहिजे, कोंबड्या उडवायला नको."

गोवर्धनच्या तोंडचं पाणी पळालं. गाडी गेली की तो कोण? जव्हारात दुसरी कुठली मोटार त्याची वाट बघत होती? पुन्हा मुंबई, पुन्हा बॉयलरचं पोट, पुन्हा हातोडा. घरी बायकोला, आशालतेला, त्याने हे सांगितलं तेव्हा ती त्याच्या उजव्या अंगाला बसून नागलीची भाकरी वाढत होती. ती हळू आवाजात काहीतरी म्हणाली. "जरा मोठ्याने बोल ना," तो खेकसला. ही बाई अलीकडे फारच पुटपुटायला लागली आहे, असं त्याचं मत झालं होतं.

मग सुरू झाली ती मोटारीची शुश्रूषा.

पहिलं औषध शेठांचं. वखारीत गोणपाटांचा ढीग पडला होता. गोवर्धनने फळ्या उचलल्या, खाली दुहेरी गोणपाट अंथरलं, फळ्या परत ठोकल्या. फळ्यांचं भांडण मिटलं खरं, पण गावाबाहेर पडेपर्यंत गाडीत जळका वास सुटला. एका बाजूचं गोणपाट धुराच्या नळीला टेकलं होतं. शेठ जळत्या गाडीतून उतरले ते अशा चपळाईने, जी त्यांच्यात एरवी कुणी पाहिली नव्हती.

शेठाणीबाईंनी माजघरातून गोधड्या पाठवल्या. त्या त्याने दारांच्या आतून शिवून घेतल्या. दारं थंड झाली, पण दारं थंड झाल्याबरोबर मडगार्ड वाजतंय हे पहिल्यांदाच ऐकू आलं. मडगार्डाला दोरी आवळली तर बॉनेट कुरकुरायला लागलं. गोवर्धन चक्रावून गेला. जुना आवाज गेला की त्याच्यामागे लपलेला नवा बाहेर यायचा, आणि हा नवा का आधीचाच, हे कळायला काही मार्ग नाही. हात ठेवावा मागच्या दारावर तर थांबायचा पुढचा. त्याने गेरू घेतला आणि जिथे जिथे वाजतं तिथे तिथे खूण करायला लागला. संध्याकाळपर्यंत सगळी गाडी गेरूने इतकी माखली, की शेजारचा एकजण हात जोडूनच पुढे गेला.

आशालता म्हणाली सावरीचा कापूस भरा, उशीत भरतात तसा. पटलं. चैतात सावरीची बोंडं फुटलेली होतीच. पत्र्याच्या मागे जिथे जिथे पोकळी सापडली तिथे तिथे त्याने कापूस कोंबला. मोखाड्याच्या रस्त्याला गाडी जरा वेगात आली, वारा आत शिरला आणि कापूस बाहेर. शेठ सूर्यमाळच्या फाट्यापर्यंत शिंकत होते.

मग गोवर्धनने स्वतःचं डोकं चालवलं. भाताचा तूस! गिरणीत फुकट मिळतो, दाबला की दबून बसतो. दोन दिवस खपून त्याने दारं तुसाने गच्च भरली. पहिला मैलभर गाडी अशी शांत चालली की त्याला गहिवरून आलं. पण पुढे पुढे आवाज परत यायला लागला. मागे वळून बघतो तर रस्त्यावर तुसाची बारीक रेघ, आणि रेघेवर पाड्यावरच्या कोंबड्या. प्रत्येक फटीतून तूस गळत होता.

तीन आठवडे असेच गेले. आता ज्याला त्याला मोटारीतलं कळायला लागलं होतं. कोणी म्हणे काथ्या, कोणी म्हणे घोंगडी, कोणी म्हणे गाडीच बदला. कासारआळीतला एक म्हातारा तर म्हणाला, शेठाणीबाईंच्याच कानात बोळे घाला. ऐकून ऐकून गोवर्धनला झोपेतही काथ्या आणि घोंगड्या दिसत. काय जड लावायचं, काय मऊ भरायचं, कुठे चिकटवायचं, कुठे नुसतं अडकवायचं, त्याचं त्यालाच काही उमगेना. दिवस मात्र आठच राहिले.

अशा वेळी भेटला मंगळू.

मंगळू रस्त्याच्या खालच्या पाड्यावरचा. तारपा वाजवावा त्यानेच आणि बोहाड्यात देवांच्या सोंगांपुढे ढोल बडवावा तोही त्यानेच, असं सगळे म्हणत. साठीला आलेला, काटक माणूस. बोहाडा जवळ आला होता आणि तो दुपारच्या उन्हात ढोल तापवत बसला होता. गाडीत पाणी घालायला थांबलेल्या गोवर्धनने त्याच्यापुढे आपलं रडगाणं गायलं. तूस ऐकून मंगळू हसला.

"ढोलात तूस भरला तं ढोल गप ऱ्हायल का?"

"मग काय करायचं, मंगळूबाबा?"

मंगळूने टिपरी घेतली आणि ढोलावर एक ठोका दिला. ढोल घुमला. दुसरा ठोका दिला आणि लगेच कातड्यावर पंजा ठेवला. आवाज जागच्या जागी मेला.

"आवाज पोटात नाय, दादा. कातड्यात हाय. तुझा पत्रा मंजे कातडां. त्याच्यावर हात ठेव."

"एवढे हात कुठून आणू?"

"मेणाचे आण."

तारप्याचा भोपळा आणि बांबू सांधायला मंगळू काळं मेण वापरायचा. नुसतं मेण उन्हात पाझरतं, म्हणून त्यात राळ आणि चुलीतली राख कढवून घालायची, मग ते पत्र्याला धरून बसतं. दोघांनी मिळून मडकंभर लगदा कढवला. गरम असतानाच तो पत्र्याच्या आतून थापला, वरून तरटाचे तुकडे दाबले. दारांना, मडगार्डांना, पुढच्या पायाजवळच्या पत्र्यांना. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी गोवर्धनने दारावर टिचकी मारली तर भोपळ्यावर मारल्यासारखी बद्द वाजली. त्याने ती पुन्हा पुन्हा मारून पाहिली आणि लहान मुलासारखा हसला.

परीक्षेला शेठाणीबाई स्वतः बसल्या. मोखाड्यापर्यंत जाऊन यायचं ठरलं. बाई डोक्यावर पदर घट्ट आवळून, डोळे मिटून बसल्या, जणू दात काढून घ्यायला निघाल्या आहेत. संस्थानची हद्द गेली, खडी उखडलेला रस्ता लागला, तरी मागून एक शब्द नाही. गोवर्धनने मान वळवली. प्रेमलाबाई झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, पदर खांद्यावर.

त्याला वाटलं आता गाडी थांबवून नाचावं. आणि नेमक्या त्याच क्षणी त्याला ते ऐकू आलं.

बारीक, एकसुरी, ईं असं. पत्र्याचं खडखडणं नव्हे. वाजायला लागलं ते थांबेचना. वेग कमी केला, तसंच. वाढवला, तसंच. त्याने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. तरीही. बरोबर, आजूबाजूला रान होतं आणि दुपारचे किडे किरकिरत होते. किडेच असणार. पण मग गाडी चालू असताना काय होतं?

शेठाणीबाई जाग्या झाल्या. "का थांबलास?"

"आवाज येतोय ना, बाई."

"कसला?"

"बारीक. शिट्टीसारखा."

बाईंनी कान दिला. "नाही रे. मला तर झोप लागली होती." आणि मग त्या, कित्येक वर्षांत कुणी न पाहिलेलं, मोकळं हसल्या. पण गोवर्धनला वाटलं, बाई भिडस्त आहेत. आज नाही कळलं, नाशिकच्या सहा तासांच्या रस्त्यावर कळेल. ही बारीक शिट्टीच त्यांचं डोकं फोडील. लेकीच्या दारात उतरायच्या त्या कपाळ धरून, आणि गाडी जाईल गिऱ्हाइकाकडे.

घरी आल्यावर गाडी वखारीत लावली तरी शिट्टी चालूच. तापलेलं लोखंड निवताना गातं, त्याने मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी थंडगार गाडीजवळ जाऊन उभा राहिला, तरी ईं. आता मात्र त्याला काही सुचेना. एखादी तार ताणलेली असेल, कुठे फट असेल, वारा आत जाऊन शीळ घालत असेल. वारा नव्हता, पण हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याने सगळं सोडायला घेतलं. पुढची गादी काढली, फळ्या काढल्या, तीन दिवस खपून थापलेला लगदा खरवडून काढला. शेठ येऊन बघून गेले आणि घरात जाऊन म्हणाले की माणसाचं डोकं फिरलंय, परवाच्या प्रवासाला बैलगाडी सांगून ठेवा.

निघायला दोन दिवस उरले होते. भर दुपारी मंगळू आपलं उरलेलं मेण न्यायला आला तेव्हा गोवर्धन बॉनेटला कान लावून, डोळे मिटून, उकिडवा बसला होता. चारी बाजूंनी पत्रे, तरट, खिळे.

"काय झालां रं?"

"ऐक. ऐकू येतंय?"

मंगळूने वाकून कान लावला. बराच वेळ लावला. मग सरळ झाला आणि गाडीकडे न बघता गोवर्धनकडे बघायला लागला.

"इंजिन बंद हाय."

"माहीत आहे."

"कवापासून बंद?"

"कालपासून."

मंगळूने खालची एक वाळलेली काडी उचलली. गोवर्धनच्या उजव्या कानाजवळ दोन बोटांत चुरगाळली. "आइकलां?"

"हो."

तो पलीकडे गेला, डाव्या कानाजवळ काहीतरी केलं. गोवर्धन वाट बघत राहिला. "कर की," तो म्हणाला.

"केलां," मंगळू म्हणाला, आणि चुरा झालेली काडी त्याच्या तळहातावर ठेवली.

गोवर्धन त्या चुऱ्याकडे बघत बसला.

मंगळू त्याच्या उजव्या बाजूला येऊन खाली बसला. "मना वीस वरसां झाली. ढोलाच्या जवळ कान जातो, तुझा हातोड्याजवळ गेला. पयल्यांदा मना वाटलां तारपा फुटलाय, बारीक वारा गळतोय. मेण लावला, परत लावला. येक दिस राग आला तं चांगला तारपा दगडावर फोडला. बापाचा होता." मंगळूने स्वतःच्या कानाला बोट लावलं. "फोडला तरी वाजतच होता."

 शिट्टी गाडीत नव्हती. कधीच नव्हती. एवढे दिवस खडखडाटाखाली ती झाकून गेली होती, आणि त्याने स्वतःच्या हाताने, मेण लावून लावून, ते झाकण काढलं होतं.

"ह्याला काय लावतात, मंगळूबाबा?" त्याचा आवाज रडवेला झाला होता. "मेण, राळ, काय पण सांग."

"ह्याला काय धरत नाय."

"मग तू काय करतोस?"

"वाजवतो. तारपा वाजतो तवा ता आइकू येत नाय."

संध्याकाळी घरी जेवताना गोवर्धनने भाकरी हातात धरली आणि तशीच खाली ठेवली. आशालता नेहमीसारखी उजवीकडे बसली होती.

"तू इथेच का बसतेस गं? या बाजूला?"

तिचा हात थांबला. "डावीकडून हाक मारली तर तुम्ही बघत नाही."

"कधीपासून?"

"मुंबईहून आलात तेव्हापासून. आधी थोडं होतं."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"सांगितलं होतं," आशालता म्हणाली. "तुम्ही म्हणालात, मी पुटपुटते."

त्याला इतकी लाज वाटली की तो उठून बाहेर गेला. पण बाहेर शांतता होती, आणि शांततेत ते जास्तच वाजत होतं. तो लगेच आत आला.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मंगळू आणि तो लगदा कढवायला बसले. आता हात बसला होता; रात्री कंदील लावेपर्यंत दारं झाली, मडगार्ड झालं, फळ्यांखालचा पत्रा झाला. चालकाच्या उजव्या पायाजवळ, दाराच्या पुढे, वीतभर रुंदीचा एक पत्रा होता. मंगळूने त्याच्यासाठी लगदा उचलला, तशी गोवर्धनने त्याचा हात धरला.

"हा राहू दे."

मंगळूने लगदा परत मडक्यात टाकला. मडक्यातलं उरलेलं मेण त्याने पानात बांधून घेतलं आणि तो पाड्याच्या वाटेला लागला.

निघायच्या सकाळी शेठांनी दारात बैलगाडी उभी केली होती. शेठाणीबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लाडवांचा डबा मोटारीत ठेवला, मागे बसल्या, पदर सैल सोडला. गोवर्धनने हँडल मारलं.

मोखाडा गेलं. पुढची चढण लागली. गाडी जड आणि शांत चालली होती आणि त्याच्या पायाजवळ तो एकटा पत्रा खडखडत होता, खडखड, खडखड, न थांबता. शिट्टी त्याच्या खाली कुठेतरी दबून गेली होती. रस्त्यावरच्या गुरांच्या घंटा त्याला ऐकू येत होत्या. निदान उजवीकडच्या येत होत्या, आणि डावीकडे तो एरवीपेक्षा दुप्पट बघत होता.

"गोवर्धन," मागून बाई म्हणाल्या. "पुढे काहीतरी वाजतंय रे."

 खोटं बोलता आलं असतं. खिळा ढिला आहे म्हणता आलं असतं.

"तो एक पत्रा ठेवलाय, बाई," तो म्हणाला. "माझ्या कानात सारखं वाजतं. बाहेर काही वाजलं नाही, की फार वाजतं. डाव्या कानाने तर ऐकूच येत नाही. शेठांना अजून सांगितलेलं नाही." आणि मग, सगळंच बोलून गेलो आहोत तर हेही, म्हणून: "बाईंचं डोकं दुखत असेल तर आता गाडी थांबवतो आणि त्याला गप्प करतो. मेण नाही, पण तरट कोंबता येईल."

 तो आरशात बघायला घाबरला. एका वळणावर त्याने वेग कमी केला, थांबायच्या तयारीने.

"माझं डोकं दुखायचं ना," प्रेमलाबाई हळूहळू म्हणाल्या, "तेव्हा घरातले म्हणायचे, काही होत नाही, हिला उगाच वाटतं. वीस वर्षं म्हणतात." त्यांनी लाडवांचा डबा मांडीवर नीट घेतला. "गाडी चालव. राहू दे तो पत्रा."